आईच्या दिवसाची किंमत

1988 च्या मोटार वाहन कायद्याला 14 नोव्हेंबर 1994 पासून एक तक्ता जोडला गेला. दुसरी अनुसूची म्हणून तो ओळखला जाई. अपघातात मेलेल्या किंवा जखमी झालेल्या माणसाची भरपाई वय आणि उत्पन्न पाहून पटकन काढता यावी, यासाठी तो होता. आज तो कायद्याच्या पुस्तकात नाही. पण तेलंगणातल्या आदिलाबादसारख्या जिल्ह्यात म्हाताऱ्या आईसाठी दावा लढवणाऱ्या लेकीला किंवा लेकाला आपण नेमकं कशाशी भांडतो आहोत हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात त्याच तक्त्यापासून करावी लागते.

त्याची सहावी नोंद जवळून वाचू. अपघातापूर्वी ज्यांना उत्पन्न नव्हतं, त्यांचं उत्पन्न किती धरायचं, हे ती सांगते. कमाई नसलेली व्यक्ती : वर्षाला 15,000 रुपये. पती किंवा पत्नी : कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. बस, दोनच ओळी. नवरा जिवंत आणि कमावता असेल, तर बाई त्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा. विधवा असेल, तर ती थेट पहिल्या ओळीत जाते. 15,000 ला 365 नी भागलं की दिवसाला 41 रुपये 10 पैसे येतात. जखमींसाठी चौथी नोंद होती : गंभीर दुखापतीच्या वेदनांचे 5,000 रुपये, किरकोळ दुखापतीचे 1,000, आणि औषधोपचाराचा खर्च बिलं दाखवून जास्तीत जास्त 15,000.

हा तक्ता मुळात चूक सिद्ध न करता मागायच्या भरपाईसाठी होता. तरी वाहनचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करून लढवलेल्या दाव्यांतही त्याचा आधार घेतला गेला, कारण घरातल्या बाईच्या कामाचा दुसरा छापील आकडा समोर नव्हता. महागाई वाढत गेली आणि आकडे तिथेच राहिले. 9 डिसेंबर 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ते बदलायला सांगितलं. बदल झाला तो 22 मे 2018 रोजी, म्हणजे तक्ता लागू झाल्यावर साडेतेवीस वर्षांनी. मधल्या काळात आपल्याकडे किती आया 41 रुपयांच्या हिशेबात बसवल्या गेल्या असतील, या विचाराने माझा जीव कासावीस होतो.

मात्र त्याच काळात दुसरा एक हिशेब चालू होता आणि तो एका मराठी माणसाच्या हातात होता. 3 मार्च 1989 ला जमशेदपुरात जमशेटजी टाटांच्या दीडशेव्या जयंतीच्या समारंभात मांडवाला आग लागली. 60 माणसं मेली, 113 जखमी झाली. त्यांत बायका आणि मुलं फार होती. भरपाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर 1993 मध्ये न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांना रक्कम ठरवून देण्याची विनंती केली. ती ठरवताना आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने राज्य परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात घालून दिलेली तत्त्वं समोर ठेवा, असंही आदेशात होतं. एसटी अपघाताचा तो निकाल 1985 च्या अपघात-निकालांच्या संग्रहात छापलेला आहे. आदिलाबाद तेव्हा त्याच उच्च न्यायालयाच्या हद्दीत होतं. म्हणजे आजच्या झारखंडातल्या आगीचा हिशेब हैदराबादेत एका बसच्या खटल्यावरून बेतलेल्या मापाने झाला. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

चंद्रचूडांनी गृहिणीच्या कामाची किंमत वर्षाला 12,000 रुपये धरली. 62 ते 72 वयाच्या वृद्ध स्त्रियांसाठी त्यांनी 10,000 रुपये धरले आणि त्याला आठचा गुणक (वर्षाच्या रकमेला वयानुसार गुणायचा आकडा) लावला. 16 ऑगस्ट 2001 रोजी निकाल देताना न्यायालयाने गुणक तसाच ठेवला, पण आकडे अपुरे ठरवले. 34 ते 59 वयाच्या गृहिणीसाठी महिना 3,000, म्हणजे वर्षाला 36,000. वृद्ध स्त्रीसाठी 10,000 चे 20,000. एका आजीच्या नावावर आधी 80,000 होते, ते 1,60,000 झाले. तिचा दिवस सुमारे 27 रुपयांवरून 55 रुपयांपर्यंत आला. रक्कम आज क्षुल्लक वाटेल. पण साठी-सत्तरीतली बाईसुद्धा घरात काम करते आणि त्या कामाला किंमत आहे, हे या निकालात स्वतंत्र ओळीत लिहिलेलं आहे. मला हा कागद त्या एका ओळीसाठी मोलाचा वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाची पुढची पावलं थोडक्यात. 22 जुलै 2010 च्या निकालात न्या. सिंघवी आणि न्या. गांगुली यांनी अपघातात मेलेल्या एका गृहिणीच्या कुटुंबाची भरपाई अडीच लाखांवरून सहा लाख केली. गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बिनकमाईचं मानणाऱ्या जनगणनेवरही त्यात कडक शब्द आहेत. 16 फेब्रुवारी 2024 ला न्या. सूर्य कांत यांच्या खंडपीठाने स्पष्ट केलं की गृहिणीचं गृहीत उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनाखाली धरता येणार नाही. या दोन तारखांच्या मध्ये 5 जानेवारी 2021 चा निकाल येतो. त्याच्याकडे शेवटी परत येऊ.

आता आदिलाबादच्या कागदांकडे. इथे न्यायालयात दाव्यावर एम.व्ही.ओ.पी. (मोटार व्हेइकल ओरिजिनल पिटिशन) असा क्रमांक पडतो. घर मराठी बोलणारं असतं आणि पोलिसांचा पहिला खबरी अहवाल तेलुगूत. पैनगंगा ओलांडून अपघात घडला, तर पंचनामा मराठीत आणि रुग्णालयाचे कागद इंग्रजीत. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा याच जिल्ह्यात होते. सोयरीक अजूनही दोन्हीकडे आहे, त्यामुळे लग्नाला, तेराव्याला जाणारी जीप सीमेच्या कुठल्याही बाजूला उलटू शकते. कायद्याने इथे सोय केली आहे : दावा अपघात घडला तिथे, दावेदार राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे दाखल करता येतो. आई जैनथ-बेल्याकडची असेल आणि अपघात पांढरकवड्याजवळ झाला असेल, तरी दावा आदिलाबादलाच चालू शकतो. तेलुगू अहवालातला प्रत्येक शब्द कुणाकडून तरी वाचून घ्यावा. 'रस्ता ओलांडत असताना' आणि 'अचानक रस्त्यात आली' यांत भरपाईच्या कितीतरी रुपयांचा फरक असतो.

1 एप्रिल 2022 पासून पोलिसांना प्राथमिक अपघात अहवाल 48 तासांत, अंतरिम 50 दिवसांत आणि सविस्तर 90 दिवसांत भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो. त्याच दिवसापासून दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची अट परत आली. ती 1994 मध्ये काढून टाकली होती. अंथरुणाला खिळलेल्या आईची उस्तवार करणाऱ्याला सहा महिने कधी सरले हे कळतही नाही. या अटीला आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत. शिवाय पोलिसांचा अपघात अहवाल हाच न्यायाधिकरणाने अर्ज मानावा, अशीही तरतूद आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसू नये. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी.

सगळ्यात नाजूक कागद वकीलपत्राचा. आईला डोक्याला मार असेल, ती माणसं ओळखत नसेल, तर वकीलपत्रावर तिचा अंगठा घेऊन भागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बत्तिसाव्या आदेशातला पंधरावा नियम अशा माणसांसाठी आहे. त्यासाठी ती वेडी ठरायला लागत नाही. मनाच्या दुर्बलतेमुळे स्वतःचं हित राखू शकत नाही, एवढं न्यायालयाला चौकशीत दिसलं की मुलगा किंवा मुलगी वादमित्र म्हणून, म्हणजे तिच्या वतीने दावा चालवायला, उभी राहू शकते. घाईत घेतलेला अंगठा पुढे उलटतपासात सापडतो : 'तुमच्या आईला काही समजत नव्हतं म्हणता, मग हा अंगठा कुणाचा?'

मग अपंगत्वाचा दाखला. सर्वोच्च न्यायालयाच्या 18 ऑक्टोबर 2010 च्या निकालात न्या. रवींद्रन आणि न्या. हेमंत गोखले यांनी एक साधं उदाहरण दिलं. डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरतील. माणूस चालक किंवा सुतार असेल, तर कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकेल. म्हणजे टक्का शरीराचा नसून कामाचा बघायचा. कापसाच्या हंगामात किलोवर वेचणी करणाऱ्या बाईला दोन्ही हात आणि वाकणारी कंबर लागते. तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तर डॉक्टर तीस टक्के लिहितील, पण तिची वेचणी पूर्ण थांबलेली असते. हे डॉक्टरांच्या दाखल्यात येणार नाही. ते साक्षीत सांगावं लागतं, आणि ती कुठल्या शेतात, कुणाबरोबर वेचायला जायची हे सांगणारा दुसरा माणूस लागतो.

शुश्रूषेचंही तसंच. 5 फेब्रुवारी 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघातात कायमच्या परावलंबी झालेल्या एका मुलीसाठी दोन परिचारकांचे महिना 5,000 प्रत्येकी धरले आणि तिच्या वयाचा 18 चा गुणक लावून 21,60,000 रुपये दिले. पासष्टीपुढे गुणक पाचच असतो. त्याच दराने आईला सहा लाख होतील. आईचं सगळं करण्यासाठी सून किंवा लेक मजुरी सोडून घरी बसते, तेव्हा पगारी माणूस ठेवलेला नसतो आणि पावतीही नसते. या बिनपावतीच्या कामाचा उल्लेख शपथपत्रात नसेल, तर ते न्यायालयासमोर येतच नाही.

आणि आई दावा चालू असताना गेली तर? पूर्वी विमा कंपनीचं म्हणणं असे की दुखापतीचा हक्क दुखावलेल्याबरोबर संपतो. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये पाचवं पोटकलम घातलं : मृत्यू अपघातामुळे असो वा नसो, जखमीचा भरपाईचा हक्क वारसांकडे जातो. म्हाताऱ्या माणसांच्या दाव्यांसाठी या दुरुस्तीतलं सर्वांत मोलाचं वाक्य मला हेच वाटतं. तारीख पडत राहिली की माणूस थकून निघून जाईल, ही वाट पाहण्यात विमा कंपनीला आता फायदा नाही.

5 जानेवारी 2021 च्या निकालात न्या. एन. व्ही. रमणा यांनी वेगळं मत जोडलं. हैदराबादच्या त्याच उच्च न्यायालयात ते पूर्वी न्यायाधीश होते, ज्याच्या एसटी-निकालाने जमशेदपूरचा हिशेब बेतला गेला. 2019 च्या वेळ-वापर पाहणीतला आकडा त्यांनी घेतला : घरच्या बिनपगारी कामात बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं, पुरुषाची 97. मग कामांची यादी : स्वयंपाक, किराणा, साफसफाई, डागडुजी, मुलं, म्हातारी माणसं, पैशांचा हिशेब. खेड्यातल्या बायकांसाठी पुढे वेगळं वाक्य आहे. त्या पेरणी, कापणी, लावणीला हातभार लावतात आणि गुरंही सांभाळतात, असं त्यात म्हटलंय.

सरतपासाच्या शपथपत्रात आईचं नाव, वय, पत्ता आणि त्याखाली 'व्यवसाय' असा रकाना असतो. तिथे टंकलेखक सवयीने 'गृहिणी' एवढंच लिहितो. वकिलाला थांबवून त्याच्याखाली तिचा दिवस लिहून घ्यावा : पहाटे किती वाजता उठायची, गोठ्यात किती जनावरं, दिवाळीनंतर वेचणीला किती दिवस जायची, दिवसाला किती किलो वेचायची, आणि नातवंडांची वेणीफणी कोण करायचं.