ड्रीमकास्ट
सेगा या जपानी कंपनीचे, दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याचे व्हिडिओ गेम यंत्र. ते जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी आणि उत्तर अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी १९९ डॉलर किमतीला विक्रीस आले. रचनेच्या दृष्टीने आपल्या काळापुढे असूनही बाजारात टिकू न शकलेले यंत्र म्हणून त्याचा उल्लेख होतो.

रचना : हिताचीचा एसएच-४ प्रक्रियक, पॉवरव्हीआर चित्रप्रक्रियक आणि आतच बसवलेला मोडेम ही त्याची मुख्य अंगे होत. खेळ ‘जीडी-रॉम’ या तबकडीवर येत. साध्या सीडीपेक्षा दाट माग पाडून तिची क्षमता सुमारे १ गिगाबाइटपर्यंत वाढवलेली होती आणि डीव्हीडीचा खर्च त्यामुळे वाचला. दाट भाग संगणकाच्या नेहमीच्या सीडी ड्राइव्हला वाचता येत नसल्याने नकला होणार नाहीत, असा हिशेब होता. परंतु ‘मिल-सीडी’ या संगीत तबकड्यांसाठी यंत्रात ठेवलेली सोय २००० साली नक्कलखोरांच्या हाती लागली आणि साध्या सीडीवर उतरवलेले खेळ यंत्रात काहीही बदल न करता चालू लागले. पुढील काही यंत्रांतून ही सोय काढण्यात आली. या नकलांमुळे विक्रीची किती हानी झाली, याबद्दल मतभेद आहेत.

व्यापार : अशी यंत्रे अल्प नफ्यात किंवा तोट्यातही विकून खेळांच्या विक्रीतून व स्वामित्वशुल्कातून पैसा वसूल करण्याची या धंद्याची रीत असल्याने, दुकानदार व खेळ बनवणाऱ्या इतर कंपन्या यांच्या भरवशाला यंत्राच्या गुणांइतकेच महत्त्व असते. सेगाने १९९५ च्या मे महिन्यात ‘सॅटर्न’ हे ड्रीमकास्टच्या आधीचे यंत्र अमेरिकेत जाहीर तारखेच्या कित्येक महिने आधी, तेही निवडक दुकानांतच आणून वगळलेल्या विक्रेत्यांची नाराजी ओढवून घेतली होती. ड्रीमकास्टसाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने खेळ काढलेच नाहीत. मार्च २००० मध्ये जपानमध्ये आलेले सोनीचे प्लेस्टेशन २ डीव्हीडी चित्रपटही दाखवत असे. सेगाने जो खर्च टाळला, तोच येथे आडवा आला. प्लेस्टेशन २ ची विक्री १५ कोटींपलीकडे गेली, ड्रीमकास्टची सुमारे ९१ लाखांवर थांबली. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले व पुढे इतरांच्या यंत्रांसाठी खेळ बनवण्याचा मार्ग धरला.

खेळ : ‘सोनिक अ‍ॅडव्हेंचर’, ‘शेनमू’, ‘क्रेझी टॅक्सी’ इत्यादी.