नवसाची नौका

लाकडी जहाजाची प्रतिकृती घरी बसून घडविण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. दुकानातून आणलेल्या खोक्यात सारे साहित्य सिद्ध असते : जहाजाचा कणा, त्यावर आडव्या बसवावयाच्या फासळ्या, पातळ लाकडी पट्ट्या, दोऱ्यांची रिळे आणि नकाशा. पट्ट्या पाण्यात भिजवून वाकवायच्या, एकेक करून चिकटवायच्या. मग डोलकाठ्या उभारून शेकडो बारीक गाठी मारायच्या. या कामात घाई चालत नाही. एक जहाज पुरे होण्यास कित्येक महिने, क्वचित वर्षेही लागतात. अशा खोक्यांमध्ये कोलंबसाचे 'सांता मारिया' हे जहाज विशेष लोकप्रिय आहे. परंतु १४९२ साली अटलांटिक महासागर ओलांडून गेलेल्या या जहाजाचा एकही मूळ आराखडा आज उपलब्ध नाही. मग त्या काळची नौका कशी असे, हे संशोधकांनी कशावरून ताडले? त्यांच्या पुराव्यांपैकी एक मोलाचा पुरावा कोणा राजाच्या दप्तरातून आलेला नाही. तो एका लहानशा चॅपलमधून आला आहे. त्याची कथा वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांला वाटते.

स्पेनच्या कातालोनिया प्रांतात, बार्सिलोनाच्या ईशान्येस, मातारो नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तेथील संत सिमोनच्या चॅपलमध्ये एक लाकडी नौका टांगलेली होती. लांबी मीटरभराहून थोडी अधिक. ती पंधराव्या शतकाच्या मध्याची, म्हणजे कोलंबसाच्या सफरीच्याही आधीची, असे अभ्यासक मानतात. युरोपात टिकून राहिलेल्या जहाजांच्या प्रतिकृतींमध्ये तिची गणना सर्वांत जुन्यांत होते. ती कोणी घडविली, हे कोठेही नोंदलेले नाही. मात्र तिच्या फासळ्या आणि त्यांवर कडेला कड भिडवून बसविलेल्या फळ्या पाहिल्या, म्हणजे करणाऱ्याला खऱ्या जहाजाची बांधणी जवळून ठाऊक होती, याविषयी शंका राहत नाही. तिच्या डोलकाठ्या मुळात किती होत्या, यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला आहे. पण लाकडाने दिलेली साक्ष कोणी नाकारलेली नाही.

अशी नौका चर्चच्या छताखाली का टांगावी? जहाज आणि ख्रिस्तसभा यांचे नाते फार पुरातन आहे. सुमारे इसवी सन २०० मध्ये तर्तुलियनने बाप्तिस्म्यावरील आपल्या ग्रंथात प्रेषितांच्या तारवाला ख्रिस्तसभेचे प्रतीक मानले. चौथ्या शतकातील 'प्रेषितीय संविधान' या ग्रंथात चर्चची इमारत लांबट, पूर्वाभिमुख आणि जहाजासारखी असावी, असा निर्देश आहे. चर्चच्या ज्या मधल्या भागात भाविक बसतात, त्याला लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणजे नौका असेच नाव पडले. हा लॅटिन शब्द आणि संस्कृतातील 'नौ' हे एकाच मुळाचे आहेत. रविवारी मिस्सेला बसलेली आमची कुटुंबे एका अर्थाने नावेतच बसलेली असतात.

परंतु मातारोच्या खलाशाने नौका टांगली, ती प्रतीकाचा विचार करून नव्हे. तिच्यामागे नवस होता, असे परंपरा मानते. संकटात सापडलेला दर्यावर्दी देवाला साकडे घालतो, ही गोष्ट पवित्र शास्त्राइतकी जुनी आहे. योनाच्या पुस्तकात वादळ शमल्यावर परराष्ट्रीय खलाशीही परमेश्वराला यज्ञ अर्पून नवस करतात. १०७ व्या स्तोत्रात समुद्रावर व्यापार करणाऱ्यांचे भय आणि त्यांची सुटका यांचे वर्णन आहे. संत पौलाचे जहाज माल्टाच्या किनाऱ्याजवळ फुटले, तो प्रसंग तर सर्वांच्या परिचयाचा आहे.

नवस करणे सोपे; फेडणे अवघड. इरॅस्मसने १५२३ साली प्रसिद्ध केलेल्या 'जहाजफुटी' या संवादात यावर मार्मिक टीका केली आहे. जहाज बुडत असता एक प्रवासी पॅरिसच्या संत ख्रिस्तोफरला स्वतःएवढी मोठी मेणबत्ती मोठ्याने कबूल करतो. एवढे मेण तू आणणार कोठून, असे कोणी विचारताच तो हळूच सांगतो की, एकदा जमिनीला पाय लागू देत, मग साधी चरबीची मेणबत्तीसुद्धा देणार नाही. वाचताना हसू येते. पण त्या प्रवाशात आपलाही चेहरा दिसतो.

लाकडी नौकेचा नवस या मनोवृत्तीला छेद देतो, असे आमचे मत आहे. भीतीची घटका सरते, दर्या शांत होतो, आणि मग माणूस चाकू घेऊन लाकूड तासू लागतो. धोका टळल्यानंतरही तो कितीतरी संध्याकाळी त्या एका कामाला वाहतो. प्रत्येक फळीबरोबर त्याला ते वादळ आठवत असेल. तोंडाने दिलेला शब्द तो हातांनी पाळतो.

फ्रान्समध्ये मार्सेय बंदरावरील टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द हे मरियामातेचे भव्य मंदिर आहे. सध्याच्या वास्तूचे पवित्रीकरण १८६४ साली झाले. गावकरी तिला प्रेमाने 'चांगली आई' म्हणतात. तेथे छतापासून लोंबणाऱ्या लहान लहान जहाजांच्या माळा आजही पाहावयास मिळतात. डेन्मार्कमध्ये १५३६ साली धर्मसुधारणा होऊन संतांना नवस बोलण्याची प्रथा मागे पडली. तरीही तेथील शेकडो चर्चमध्ये खलाशांनी आणि गावकऱ्यांनी दिलेली जहाजे टांगलेली आहेत. उपासनेचे मार्ग वेगळे झाले, पण समुद्रावर जगणाऱ्याची कृतज्ञता तीच राहिली.

आता पुन्हा मातारोकडे वळू. १९२० च्या दशकात ही नौका कलावस्तूंच्या बाजारात आली आणि अखेर हॉलंडमधील रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात जाऊन पोहोचली. तेथे ती सुरक्षित आहे. अभ्यासकांनी तिचे बारकाईने परीक्षण केले, हा लाभही मान्य केला पाहिजे. तथापि ज्या वेदीसमोर ती अर्पण झाली, त्या वेदीला ती पारखी झाली. काचेपलीकडून पाहणाऱ्याला ती बांधणीचा नमुना म्हणून दिसते. तिच्यामागची प्रार्थना त्याला कोण सांगणार?

येथे धर्मशास्त्रातील एका नियमाचे स्मरण करून द्यावेसे वाटते. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२९२ व्या कलमानुसार नवसाने ख्रिस्तसभेला दिलेली वस्तू पवित्र पीठाच्या परवानगीवाचून विधिग्राह्य रीतीने परक्या हाती देता येत नाही. कला किंवा इतिहास यांच्या दृष्टीने मोलाच्या वस्तूंचाही त्याच कलमात उल्लेख आहे. परंतु नवसाच्या वस्तूला बाजारातील मोलाची अट नाही. ती नवसाची आहे, एवढेच पुरे. गरिबाच्या दिलेल्या शब्दाला ख्रिस्तसभेने किती मान दिला आहे, हे यावरून ध्यानात यावे.

हा विषय आपल्याला परका नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सप्टेंबरातील जत्रेत भाविक मेणाचे हात, पाय, घरे अर्पण करतात. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर मासेमारीचा हंगाम सुरू होताना कोळी बांधवांच्या होड्यांना धर्मगुरू आशीर्वाद देतात. आपल्या जुन्या चर्चमध्ये, वाटेवरच्या क्रुसांपाशी आणि घरोघरच्या वेदींवरही पूर्वजांनी कसल्या ना कसल्या ऋणातून दिलेल्या वस्तू आहेत. नूतनीकरणाच्या उत्साहात त्या अडगळीत जातात किंवा भंगारात निघतात. एखादी जुनी समई, लाकडी मूर्ती वा चांदीचा मुकुट काढून टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एवढे तरी विचारावे की, हे कोणी दिले आणि कशासाठी? मिळालेले उत्तर धर्मग्रामाच्या वहीत लिहून ठेवावे. मातारोच्या खलाशाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या आजोबा-आजींच्या बाबतीत तसे होऊ नये, इतके तरी आपल्या हाती खचित आहे.