न झालेल्या खुनाची नोंद

१.
खंडाळा म्हटले की बहुतेकांना लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण आठवते. ही हकीकत दुसऱ्या खंडाळ्याची आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळ मागे टाकले की खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी हे तालुक्याचे गाव लागते. याच तालुक्यातील नायगावातून २९ ऑगस्ट १८६८ रोजी एक पत्र पुण्याला लिहिले गेले. घडता घडता राहिलेल्या एका खुनाची हकीकत त्या पत्रात आहे.

२.
पत्राकडे वळण्यापूर्वी रहस्यकथेच्या एका शाखेकडे पाहणे उपयोगी ठरेल. पाश्चात्त्य देशांत छोट्या गावातील बायकांनी खुनाचा उलगडा केल्याच्या कथा फार लोकप्रिय आहेत. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० च्या पहिल्या कादंबरीपासून विणकामाच्या सुया हातात घेऊनच गुन्हेगार ओळखते. पुढे अर्लीन फाउलर या अमेरिकन लेखिकेने १९९४ पासून जी कादंबरीमाला लिहिली, तिच्यातील पुस्तकांना तर गोधड्यांच्या नक्ष्यांचीच नावे दिली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथा घरोघर पोहोचवली. पण त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक पुरुष होते.

३.
खुनाचा माग काढायला गोधडी शिवणाऱ्या बायकाच का निवडाव्यात? याचे उत्तर गोधडीच्या घडणीत आहे. जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालायचा, की गोधडी किंवा वाकळ तयार होते. कोणते लुगडे कोणत्या लग्नातले, कोणता तुकडा कोणाच्या बाळंतपणातला, हे शिवणारीला ठाऊक असते. टाका पाहून हात ओळखता येतो. एकीचा टाका मुंगीच्या रांगेसारखा बारीक, तर दुसरीचा लांब आणि ओढलेला.

४.
ओसरीवर दुपारी चार बायका वाकळीभोवती बसल्या की गावाची खबर त्यांच्यापाशी गोळा होते. कोणाच्या घरातून रात्री रडण्याचा आवाज आला, कोणाची सून पाणवठ्यावर यायची थांबली, कोणत्या मुलीला दिवस गेले, हे चावडीवर कळण्याच्या कितीतरी आधी तेथे कळलेले असते. या माहितीला पुरुष ‘बायकांच्या गप्पा’ म्हणतात. गुन्हा घडल्यावर मात्र तपासाला नेमकी हीच माहिती लागते.

५.
कथांत हे ज्ञान नेहमी विजयी होते. प्रत्यक्षात काय होते, हे दोन खऱ्या प्रकरणांतून दिसते. एक अमेरिकेतील, गोधडीच्या टाक्यांशी कायमचे जोडले गेलेले. दुसरे नायगावचे. आधी अमेरिकेतील प्रकरण पाहू. कारण ते समजल्यावर नायगावच्या पत्राचे मोल अधिक स्पष्ट होते.

६.
आयोवा राज्यातील इंडियानोला गावाजवळ जॉन हॉसॅक नावाचा शेतकरी राहत असे. १ डिसेंबर १९०० च्या मध्यरात्रीच्या सुमारास तो झोपेत असताना कोणीतरी त्याच्या डोक्यावर कुऱ्हाडीचे घाव घातले. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. पत्नी मार्गारेट त्याच बिछान्यात झोपली होती. आवाजाने जाग आली, मारेकरी दिसला नाही, असे तिने सांगितले. दफनविधी आटोपताच तिला अटक झाली.

७.
खटला एप्रिल १९०१ मध्ये उभा राहिला. न्यायाधीश, वकील, शेरीफ आणि ज्यूरीचे बाराही सदस्य पुरुष होते. बायका होत्या त्या प्रेक्षकांत. नवऱ्याच्या संतापाची आपल्याला भीती वाटते, असे मार्गारेटने पूर्वी शेजाऱ्यांना सांगितले होते. तेव्हा ती बाब घरातली म्हणून मिटवली गेली. आता तीच बाब खुनाचा हेतू म्हणून तिच्याविरुद्ध मांडण्यात आली. ती दोषी ठरली आणि तिला जन्मठेप झाली.

८.
पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुराव्यातील दोषांमुळे ही शिक्षा रद्द केली. १९०३ मध्ये दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा खटला चालला; पण ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि मार्गारेट सुटली. जॉन हॉसॅकला कोणी मारले, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही.

९.
या प्रकरणाची वार्तापत्रे लिहिणारी तरुण बातमीदार होती सुझन ग्लास्पेल. आरंभीच्या तिच्या बातम्यांत मार्गारेट थंड आणि कठोर दिसते. हॉसॅक कुटुंबाचे घर प्रत्यक्ष पाहून आल्यानंतर तिच्या लेखणीचा सूर मवाळ झाला. ते घर तिच्या मनातून पुढे पंधरा वर्षे गेले नाही. ८ ऑगस्ट १९१६ रोजी प्रॉव्हिन्सटाउन येथे तिची ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका रंगमंचावर आली. शीर्षकाचा अर्थ ‘क्षुल्लक गोष्टी’. पुढच्या वर्षी तिने हेच कथानक ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’ या कथेत मांडले.

१०.
एकांकिकेत शेरीफ आणि सरकारी वकील माडीवर पुरावा शोधतात. स्वयंपाकघरात फक्त ‘बायकी पसारा’ आहे, असे त्यांचे मत. तेथे थांबलेल्या दोन स्त्रियांना अर्धवट शिवलेली गोधडी सापडते. सगळे टाके एकसारखे आणि नीटस. शेवटच्या तुकड्यावर मात्र ते वेडेवाकडे पडलेले. शिवणारीचे मन कोणत्या क्षणी बिथरले, हे त्यांना तेथे वाचता येते. मग शिवणाच्या डब्यात मान पिरगळलेला पाळीव पक्षी मिळतो आणि खुनामागचे कारण उघड होते. पुरुषांना मात्र शेवटपर्यंत काहीच सापडत नाही.

११.
त्या दोघी तो पुरावा लपवतात. हे योग्य की अयोग्य, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. परंतु त्यांतील एका शेजारणीच्या मनाला खरे डाचते ते वेगळेच. ती बाई एकाकी आहे, हे तिला पूर्वीपासून ठाऊक होते आणि तरी ती एकदाही तिच्याकडे गेली नव्हती. खुनाचा उलगडा झाला, पण खून झाल्यावर. वेळेवर गेले असते तर काय झाले असते, या प्रश्नाला त्या एकांकिकेत उत्तर नाही.

१२.
त्या प्रश्नाचे एक उत्तर खंडाळा तालुक्यात त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी मिळालेले होते. नायगावात खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई लग्नानंतर पुण्यात जोतीराव फुल्यांच्या घरी आल्या. १८४८ पासून त्यांचे नाव मुलींच्या शाळांशी जोडले गेले. अक्षरांइतकीच आणखी एक गोष्ट त्यांना वाचता येऊ लागली होती. स्त्रीच्या पोटातील मूल तिच्या जिवावर केव्हा बेतते, हे त्या ओळखू लागल्या होत्या.

१३.
त्याला कारण एक खरा खून होता. पुण्यात काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा एका घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस गेले, मूल झाले आणि लोकलज्जेच्या भयाने तिने ते मारून विहिरीत टाकले. पोलिसांनी छडा लावला. तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याला शिक्षा झाली नाही. जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ च्या पत्रात हा वृत्तांत दिला आहे.

१४.
कायद्याच्या दृष्टीने ते प्रकरण सुटले होते. मारणारी सापडली होती. फुले दांपत्याच्या दृष्टीने खरा प्रश्न आता सुरू होत होता. मुलाला मारण्यावाचून आईला दुसरा मार्ग का उरला नाही? १८६३ मध्ये त्यांनी आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी येथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी सोय केली. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे आल्या होत्या, असे जोतीरावांनी त्याच पत्रात लिहिले आहे. आपल्याकडे गुन्ह्याचा तपास बहुधा गुन्हेगारापाशी थांबतो. हा तपास कारणापर्यंत गेला.

१५.
पाच वर्षांनी, १८६८ च्या पावसाळ्यात, सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. गणेश नावाचा एक ब्राह्मण गावोगाव फिरून पंचांग सांगे व पूजाअर्चा करी. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातील शारजा या तरुणीशी त्याचे प्रेम जुळले. तिला सहावा महिना होता. ही गोष्ट बाहेर फुटली आणि लोक खवळले. दोघांना पकडून गावातून मिरवत नेण्यात आले. त्यांना ठार मारण्याची भाषा सुरू झाली.

१६.
येथे काही शोधून काढावे असे नव्हतेच. मारणारे कोण, मरणारे कोण आणि कारण काय, हे सर्वांसमोर होते. भर दिवसा, सगळ्या गावादेखत तो खून होऊ घातला होता. रहस्यकथेत एक गुन्हेगार असतो आणि बाकीचे निर्दोष असतात. अशा खुनात गाव एक होते, आणि म्हणूनच नंतर साक्षीदार मिळत नाही. दोन प्रेते नदीकाठी सापडली असती, तरी तपासाला आलेल्याला ‘आम्हांस ठाऊक नाही’ एवढेच उत्तर मिळाले असते.

१७.
सावित्रीबाईंच्या कानी ही खबर गेली आणि त्या धावत तेथे पोहोचल्या. जमावासमोर त्यांनी दयेची याचना केली नाही किंवा धर्माचा वादही घातला नाही. इंग्रजी कायद्यात खुनाचे परिणाम काय होतात, याचे भय त्यांनी लोकांना घातले. पत्रात त्यांनी हे स्पष्ट लिहिले आहे. जमावाच्या मनात संताप होता; त्याच्या शेजारी त्यांनी फाशीचा दोर ठेवला.

१८.
तो धाक पोकळ नव्हता. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली होती. बेकायदा जमावाने समान उद्देशाने केलेल्या गुन्ह्यास जमावातील प्रत्येक जण जबाबदार, असे तिचे १४९ वे कलम सांगत होते. खुनाला ३०२ व्या कलमाखाली फाशी किंवा जन्मठेप होती. शिवाय १८६७ मध्येच मुंबई इलाख्यात ग्रामपोलिसांचा कायदा होऊन गावातील गुन्ह्याची वर्दी देण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर आली होती. ‘सगळ्यांनी मिळून मारले म्हणजे कोणीच मारले नाही’, हा हिशेब नव्या कायद्याला मान्य नव्हता.

१९.
लोक थबकले. सदूभाऊ नावाच्या एका गृहस्थाने रागाने सांगितले, की या दोघांनी गाव सोडून निघून जावे. दोघांनी ते मान्य केले. सुटका झालेली ती जोडी सावित्रीबाईंच्या पायांवर पडून रडू लागली. सावित्रीबाईंनी त्यांना धीर दिला आणि पुण्याला जोतीरावांकडे पाठवण्याचे ठरवले. सहा महिन्यांच्या गर्भवतीला कोठे पाठवायचे, हा प्रश्न त्यांना पडला नाही; त्याचे उत्तर १८६३ मध्येच तयार झाले होते.

२०.
हा विजय पूर्ण नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. मारायला उठलेल्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली, असे पत्रात नाही. शिक्षा झाली ती जगलेल्या दोघांना. त्यांचे गाव सुटले. सावित्रीबाईंनी गावाचे मन बदलले नाही, हात तेवढा थांबवला. पण त्या दिवशी तीन जीव वाचण्यास तेवढे पुरेसे होते.

२१.
इतिहासाच्या साधनांबाबत येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. खून झाला की कागद तयार होतो: वर्दी, पंचनामा, जबाब, निकाल. हॉसॅक प्रकरणाचे असे कागद भरपूर आहेत. न झालेल्या खुनाचा मात्र कागद नसतो. नायगावच्या त्या दिवसाचा पंचनामा कोणी केला नाही. कारण पंचनाम्याजोगे काही उरलेच नाही. आज ती घटना माहीत आहे ती एका पत्नीने पतीला लिहिलेल्या खासगी पत्रामुळे.

२२.
सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ ची. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ती वाचता येतात. ज्या तालुक्यातील मुलींना तेव्हा अक्षरओळख दुर्मीळ होती, तेथील एका मुलीला लिहिता येत होते, म्हणून शारजा आणि गणेश ही नावे टिकली. साक्षर नसलेल्या किती जणींनी आपापल्या गावात असेच खून थांबवले असतील, त्यांची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

२३.
ओसरीवर वाकळ शिवणाऱ्या बायकांना पुढे काय घडणार, याचा अंदाज पुष्कळदा असतो. इंडियानोलातही तो होता; पण मार्गारेटचे भय ऐकूनही कोणी वेळेवर उभे राहिले नाही. नायगावात एक बाई उभी राहिली. कथेतील शेजारणी मागे राहिलेले वेडेवाकडे टाके उसवत बसल्या; सावित्रीबाई कापड फाटण्याआधी पोहोचल्या. खंबाटकी उतरून पुण्याकडे येताना नायगावचा फाटा दिसला, तर जन्मस्थळाच्या स्मारकासोबत न झालेल्या त्या खुनाचीही आठवण ठेवावी.

लेखनसीमा.