नियमशास्त्र कोणासाठी? एका जुन्या वादाची प्रस्तावना

ख्रिस्ती धर्माने यहुद्यांचे नियमशास्त्र मोडीत काढले आणि त्याच्या जागी प्रेमाचा धर्म आणला, असे सर्रास सांगितले जाते. या अभ्यासक्षेत्रात येणाऱ्या वाचकाला पहिली विनंती ही, की हे विधान तूर्त बाजूला ठेवावे. त्यात तथ्य नाही असे नव्हे; पण पुढे जे घडले ते हे विधान आरंभावर लादते. पहिल्या शतकात येशूच्या अनुयायांमध्ये वाद होता तो नियमशास्त्र कोणी पाळायचे, किती पाळायचे आणि दोन आज्ञा एकमेकींच्या आड आल्या तर कोणती वर धरायची, याचा. आणि वाद घालणारे बहुतेक सगळे यहूदीच होते.

एक छोटे उदाहरण घेऊ. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या शनिवारी, मेंढरू खड्ड्यात पडले तर काय करावे? मत्तयच्या शुभवर्तमानात येशू समोरच्यांना विचारतो, की अशा वेळी तुमच्यापैकी कोण त्याला बाहेर काढणार नाही? मेंढराला काढता, तर वाळलेल्या हाताच्या माणसाला आजच बरे करायला हरकत कसली, असा त्याचा युक्तिवाद. याच प्रश्नाचे उत्तर ‘दमास्कस दस्तऐवज’ या यहूदी पंथीय ग्रंथातही आहे. त्याच्या प्रती आधी कैरोच्या जुन्या सभास्थानात आणि पुढे मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत मिळाल्या. तो बजावतो, की शब्बाथला जनावर वर काढू नये. तालमुद या यहूदी शास्त्रचर्चेच्या ग्रंथात तिसरी वाट आहे: जनावराखाली गाद्यागिरद्या टाकाव्यात आणि त्याला आपणहून चढून येऊ द्यावे.

ही तिन्ही उत्तरे शेजारी ठेवली की चित्र पालटते. शब्बाथ पाळायचा हे तिघांनीही गृहीत धरले आहे. जिवावर बेतले तर शब्बाथ बाजूला सारावा, हे इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना ही यहूदी नियमसंहिताही सांगते. वाळलेला हात मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत होता. खरी खडाखडी होती ती तिथे. येशू इथे शास्त्राबाहेर उभा राहून बोलत नाही, तो शास्त्रार्थ करतो आहे.

यहूदीतरांत येशूचा प्रचार करणाऱ्या पौलाच्या काळात प्रश्नाने वेगळे वळण घेतले, कारण आता यहूदीतर लोक मोठ्या संख्येने मंडळीत येऊ लागले होते. त्यांनी सुंता करून घ्यायची का? इ.स. ४९च्या सुमारास यरुशलेममध्ये यावर बैठक झाली. ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते, की येशूचा भाऊ याकोब याने सुंतेची सक्ती नाकारली आणि चार गोष्टी तेवढ्या वर्ज्य ठरवल्या: मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस आणि व्यभिचार. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल या चार अटींचा उल्लेखही करत नाही. गरिबांची आठवण ठेवावी एवढेच आपल्याला सांगितले गेले, असे तो म्हणतो. पुढे अंत्युखिया शहरात याकोबाकडची माणसे येताच येशूचा शिष्य पेत्र यहूदीतरांच्या पंगतीतून उठला आणि पौलाने त्याला चारचौघांत धारेवर धरले. एका पंगतीला कोण बसू शकतो, हा प्रश्न किती जिव्हारी लागतो हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पौलाच्या या रागाचा अर्थ काय, यावरच आधुनिक अभ्यासाचा मोठा भाग उभा आहे. ल्यूथरच्या काळापासून प्रोटेस्टंट परंपरेने तो असा लावला, की यहूदी धर्म म्हणजे पुण्याचा हिशेब आणि पौलाने त्याविरुद्ध कृपेचा पक्ष घेतला. १९७७ साली ई. पी. सँडर्स यांनी ‘पॉल अँड पॅलेस्टिनियन ज्युडाइझम’मध्ये या समजाला मुळापासून धक्का दिला. त्यांनी यहूदी ग्रंथ तपासून दाखवले, की देवाची निवड आणि करार आधी येतात, आज्ञापालन हे त्या करारात टिकून राहण्यासाठी असते. जेम्स डन यांनी पुढे मांडले, की पौलाचा रोख सुंता, आहार, शब्बाथ अशा, यहूदी आणि इतर यांच्यात कुंपण घालणाऱ्या आचारांवर होता. आज काही अभ्यासक त्याही पलीकडे जाऊन म्हणतात, की पौल स्वतः अखेरपर्यंत नियमशास्त्र पाळणारा यहूदीच राहिला; सुंतेला त्याचा विरोध होता तो यहूदीतरांपुरता. वाद अजून मिटलेला नाही, आणि नव्या वाचकाला आत यायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

यहूदी आणि ख्रिस्ती यांची फारकतही एका रात्रीत झाली नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडल्यावर दोन्ही बाजूंना आपापली घडी नव्याने बसवावी लागली. तरीही दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन हा ख्रिस्ती लेखक नियमशास्त्र पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांना सामावून घ्यायला तयार आहे. इतरांवर त्यांनी सक्ती करू नये, एवढीच त्याची अट. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याच अंत्युखियात जॉन क्रिसोस्टोम हा ख्रिस्ती धर्मोपदेशक यहूदी सणांना आणि सभास्थानांत जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर जळजळीत प्रवचने देतो. लोक जात होते, म्हणूनच तर त्याला बोलावे लागले.

वाचताना एक पथ्य पाळावे. परूशी हा नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहूदी गट; ‘परूशी’ म्हणजे ढोंगी हे समीकरण घरातल्या भांडणातून आले आणि पुढे परक्यांच्या हातचे हत्यार झाले. युरोपातल्या यहूदीद्वेषाने ते शतकानुशतके वापरले. नियमशास्त्र हे ओझेच असणार, ही कल्पनाही तपासून घ्यावी. कोकणातल्या बेने इस्रायल या यहूदी समाजाने शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ज्या आचाराने आपली ओळख टिकते, तो पाळणाऱ्याला जाचक वाटतोच असे नाही.

सुरुवात कुठून करावी? गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय आणि ‘प्रेषितांची कृत्ये’चा पंधरावा, हे दोन्ही एका बैठकीत वाचावेत. जिथे ते जुळत नाहीत तिथे घाईने सांधा जुळवू नये. त्याच फटींमधून या विषयातले उत्तमोत्तम प्रश्न निघाले आहेत.