नान-खलिया आणि पालेर्मोचा बाजार

‘फूड वॉक’ हे प्रकरण आता आपल्याकडेही रुळले आहे. एक गाईड, मागे दहा-बारा माणसे, जुन्या शहराच्या गल्ल्या, थोडे चालणे, थोडे खाणे आणि मधूनमधून इतिहास. गेल्या हिवाळ्यात आम्ही गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने मनमाडला उतरून औरंगाबादला गेलो. तिथे नातेवाईकांच्या आग्रहाने अशाच एका फेरीत सामील झालो. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. मी जुन्या काळाबद्दल लिहितो आहे, म्हणून जुने नाव वापरतो.

फेरी भडकल दरवाजापासून निघाली, पाणचक्कीवरून शहागंजकडे आली आणि नान-खलियाच्या दुकानात संपली. गाईड तरुण, बोलका आणि अदब असलेला होता. नानचा तुकडा मोडता मोडता त्याने ठरलेली गोष्ट सांगितली: १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, वाटेत एवढ्या मोठ्या लष्कराला एकदम जेवू घालायचे म्हणून जमिनीत तंदूर खणले, देगा चढवल्या आणि नान-खलिया जन्माला आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, “म्हणजे वेड्या तुघलकाने एक तरी काम बरे केले!” सगळे हसले.

गोष्ट चांगली आहे. मीही वर्गात सांगितली असती. पण समोरच्या ताटातला रस्सा लालभडक होता. मिरची हे अमेरिकेतले पीक, पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोहोचले आणि त्यानंतरच ती हिंदुस्थानात आली. तुघलकाच्या सैनिकांना मिरची माहीतच नव्हती. त्यांनी खलिया खाल्ला असेल तर तो आजचा नव्हता. ‘कलिया’ हा शब्द मात्र जुना आहे. अरबीत त्याच्या मुळाशी तळण्या-परतण्याचा अर्थ आहे, आणि अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त मांसाच्या पदार्थांत तो नोंदलेला आहे. शब्द एका वाटेने आला, मिरची दुसऱ्या वाटेने, आणि दोघांची गाठ दख्खनच्या चुलीवर पडली.

तुघलकाच्या त्या स्थलांतराचा खरा ठेवा दुसऱ्या ठिकाणी शोधावा लागतो. दिल्लीहून नुसते शिपाई आले नाहीत. सूफी आले, कातिब आले, कारागीर आले. निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुऱ्हानुद्दीन गरीब आले आणि खुलताबादच्या मातीत झोपले. औलियांची वचने ‘फवाइदुल फुआद’मध्ये उतरवून ठेवणारे अमीर हसन सिज्जीही तिथेच आहेत. त्यांच्याबरोबर आलेली बोली मराठी-तेलुगूच्या शेजारात राहून दख्खनी झाली, आणि तिने मराठीचा ‘नको’ उचलून ‘नक्को’ केला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा ‘नक्को’ कोणत्याही देगेपेक्षा मोठा वारसा वाटतो. त्याच शतकात इब्न बतूता या मुलखातून गेला. नंदुरबारच्या मराठ्यांच्या जेवणात भात, भाज्या आणि तिळाचे तेल असते, असे त्याने लिहून ठेवले. धान पिकवणाऱ्या गोंदियाकराला ते वाचून घरचे वाटते. आमच्या लग्नांत आजही नान नसतो, पुलाव-दालचा असतो.

आता थोडे दूर जाऊ. इटलीच्या सिसिली बेटावर पालेर्मो नावाचे शहर आहे. तिथे अशा फेऱ्यांचा मोठाच धंदा आहे. मी ते शहर पाहिलेले नाही, पण वाचले पुष्कळ आहे. ८३१ मध्ये ते अरबांनी जिंकले, १०७२ मध्ये नॉर्मन लोकांनी घेतले. तिथले गाईड बाल्लारो बाजारात उभे राहून अरबांचे नाव अभिमानाने घेतात: लिंबू-संत्र्यांच्या बागा अरबांच्या, ऊस अरबांचा, कालव्यांची कला अरबांची. तीळ आणि मधाची वडी मिळते, तिला ‘कुब्बाइता’ म्हणतात. नाव अरबीतून आलेले, आणि वस्तू म्हणाल तर आपली तिळाची चिक्की! एका चौकाचे नाव ‘लात्तारीनी’, म्हणजे मूळचा ‘सूक-अल-अत्तारीन’, अत्तारांचा बाजार. आपल्या वर्गातल्या एखाद्या अत्तार आडनावाच्या मुलाला तिथे उभे केले तर त्याला पाटी सहज उलगडेल. जुन्या यहुदी वस्तीत आज रस्त्यांच्या पाट्या इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिप्यांत लावलेल्या आहेत.

नॉर्मन राजा दुसरा रॉजर ख्रिस्ती होता. पण त्याच्या झग्याच्या काठावर कूफी लिपीत अरबी मजकूर भरतकामाने काढलेला आहे आणि साल हिजरी ५२८ घातलेले आहे. तो झगा आज व्हिएन्नात आहे. त्याच्याच दरबारात अल-इद्रिसीने ११५४ मध्ये जगाचा भूगोल पूर्ण केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात ‘इत्रिया’ नावाच्या शेवया बनतात आणि गलबते भरून बाहेर जातात, अशी नोंद त्याने केली आहे. इटलीतल्या वाळवलेल्या पास्त्याच्या धंद्याची ही फार जुनी नोंद एका मुसलमानाने अरबीत केलेली आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने पालेर्मोच्या अरब-नॉर्मन वास्तूंना जागतिक वारशात घेतले.

हे वाचून आपले लोक लगेच म्हणतात, बघा, ते लोक किती दिलदार! मला ही तुलना अर्धीच पटते. शेवया बनवणाऱ्या त्या मुसलमानांचे पुढे काय झाले, हे फेरीत क्वचितच सांगितले जाते. तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिलीच्या मुसलमानांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा गावी नेऊन बसवले. १३०० मध्ये अंजूच्या चार्ल्स दुसऱ्याने ती वस्तीच मोडली. कित्येक मारले गेले, उरलेले गुलाम म्हणून विकले गेले. लिंबू राहिले, तिळाची वडी राहिली, माणसे गेली. सातशे वर्षांनंतर त्यांच्या पदार्थांचे कौतुक करायला कुणाला काही मोजावे लागत नाही.

औरंगाबादेत उलट आहे. नान थापणारा हात जिवंत आहे. तो तंदूरसमोर घामाघूम बसतो, मुलांच्या फीची काळजी करतो, मतदान करतो. त्याच्या पदार्थाची चव घेणाऱ्या मंडळींत त्याच्याबद्दल मनात वेगळेच काही बाळगणारेही असतात, आणि हे त्याला ठाऊक असते. आमच्या फेरीत त्याच्याशी कुणी बोलले नाही. फोटो मात्र बरेच निघाले. मी विचारले, तेव्हा तो खमिराबद्दल पाच मिनिटे बोलला: पीठ किती वेळ मुरवायचे, थंडीत किती वेळ वाढवायचा, आणि हल्ली मुलगा या धंद्यात का येत नाही.

आणि भडकल दरवाजा? तिथे गाईडने दोन मिनिटे घालवली. खरे तर शहर तिथून वाचायला हवे. १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर हबशी होता. इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा पेशवा झाला. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्याने १६१२ मध्ये हा दरवाजा बांधला. शहराला जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. पुढे १६५३ नंतर औरंगजेबाने शहराला आपले नाव दिले आणि सगळी चर्चा त्या एका नावाभोवती फिरू लागली. शाळेत मुले मला विचारतात, “सर, आपला इतिहास म्हणजे औरंगजेब का?” त्यांना मी मलिक अंबरचे नाव सांगतो, तर बहुतेकांनी ते ऐकलेले नसते. मोगलांशी आयुष्यभर लढलेला हा मुसलमान कुणाच्याच सोयीचा नाही, आपल्याही.

पाणचक्की त्या नहरीनंतरची, अठराव्या शतकातली. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळांतून आणून त्या जोरावर जाते फिरवायचे, आणि बाबा शाह मुसाफिरांच्या खानकाहीतल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळायचे. खानकाहीत भाकर मागणाऱ्याला आधी जात विचारत नसत. नानच्या गोष्टीला सुरुवात हवी असेल तर ती या जात्यापासून करता येईल, तुघलकाच्या लष्करापर्यंत जायची गरज नाही.

फेरी संपल्यावर गाईडला मिरचीचे सांगितले. तो ओशाळला नाही. मोबाईल काढून त्याने १४९८ टिपून घेतले आणि विचारले, “सर, मग मलिक अंबरच्या जेवणात तरी मिरची असेल का?” मी म्हटले, असू शकेल, शंभर वर्षे उलटली होती. मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे. फेरी तिथे जात नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो.