सहा कामट्यांची एक काठी

बांबूची काठी, काठीला दोरी आणि दोरीला गळ. एवढ्या सामग्रीवर मासे गरवणारी माणसे आपण कोकणातील खाडीच्या काठी किंवा देशावरील एखाद्या तलावाच्या बांधावर पाहिलेली असतात. त्यांची काठी कुणी मुद्दाम 'घडवलेली' नसते. बेटातून बरीशी सरळ काठी तोडली की काम भागते. मात्र अशाच एका काठीसाठी चाळीस-पन्नास तास खर्ची घालणारे आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी जिवाचा आटापिटा करणारे कारागीर अमेरिका, इंग्लंड आणि जपानमध्ये आहेत. यांतील बहुतेकांचा हा पोटापाण्याचा उद्योग नाही. कुणी अभियंता असतो, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त अधिकारी. गळाची काठी हाताने घडवणे हा त्यांचा छंद आहे आणि ही कला आज जिवंत आहे ती मुख्यतः या छंदिष्टांमुळेच.

काठीचे नेमके काम

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजण्यासाठी 'फ्लाय फिशिंग' हा प्रकार थोडा जाणून घ्यायला हवा. ट्राउट किंवा सामन मासे पकडण्याच्या या पद्धतीत आमिष म्हणून पिसे आणि धागे बांधून केलेली कृत्रिम माशी वापरतात. तिला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती दगडासारखी भिरकावता येत नाही. वजन असते ते दोरीला. काठी मागे नेली की हवेत पसरलेल्या दोरीच्या ओढीने ती वाकते आणि पुढे आणून थांबवली की सरळ होताना दोरीला पुढे फेकते. म्हणजे ही काठी एक लांब स्प्रिंगच असते. ती कुठे किती वाकावी, हे बुडापासून टोकापर्यंतच्या तिच्या निमुळतेपणावर ठरते.

येथे गणित फार कठोर आहे. भरीव काठीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो. टोकाशी काठीची जाडी सुमारे पावणेदोन मिलिमीटर असते. तीत एक दशांश मिलिमीटरची भर पडली, तरी तेथील ताठरपणा जवळजवळ सव्वापट होतो. डोळ्यांना न दिसणारा हा फरक हाताला मात्र पहिल्याच फेकीत जाणवतो.

कलकत्त्याचा बांबू

अखंड बांबू पोकळ असतो आणि त्याचा निमुळतेपणा निसर्गाने ठरवलेला असतो. शिवाय बांबूचे खरे बळ त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंमध्ये असते आणि आतल्या बाजूस तंतू विरळ होत जातात. त्यामुळे बांबू चिरून त्याच्या कामट्या काढाव्यात, आतला मऊ भाग तासून टाकावा आणि साली बाहेर ठेवून कामट्या एकमेकींना चिकटवाव्यात, ही कल्पना पुढे आली. अमेरिकेत याचे श्रेय सामान्यतः सॅम्युअल फिलिपी यांना दिले जाते. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथे ते बंदुका आणि व्हायोलिन तयार करीत. १८४०च्या दशकात त्यांनी चिरलेल्या बांबूच्या काठ्या करण्यास प्रारंभ केला.

यासाठी लागणारा बांबू जात होता हिंदुस्थानातून. कलकत्त्याच्या बंदरातून निघत असल्याने कारागिरांच्या जगात तो 'कलकत्ता केन' म्हणूनच ओळखला गेला. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. विदर्भातील जंगलांत हाच बांबू आढळतो आणि मराठीत त्याला मानवेल म्हणतात. पोलिसांची लाठीही याच जातीच्या बांबूची. जवळजवळ भरीव आणि चिवट असा हा बांबू काठीसाठी उत्तम होता. मात्र पुष्कळदा त्यावर जळाल्याचे डाग असत आणि किडीने पोखरलेले तुकडे बाजूला काढावे लागत.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची जागा चीनमधील बांबूने घेतली. तो आजही 'टोन्किन' या नावाने विकला जातो. टोन्किन म्हणजे व्हिएतनामचा उत्तर भाग, पण हा बांबू येतो चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका लहानशा डोंगराळ टापूतून. त्याची गाठ कमी उठावदार असते, पेरे लांब असतात आणि सालीलगतच्या तंतूंचा थर जाड असतो. कॅन्टन येथे अध्यापन करणारे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्ल्यूर यांनी १९३१ मध्ये या जातीला 'अमाबिलिस' म्हणजे 'लोभस' असे नाव दिले.

कुलूपबंद खोली

या काठ्यांचे व्यावसायिक उत्पादन रूढ केले ते हायरम लेनर्ड यांनी. मेन राज्यातील बँगॉर येथे १८७०च्या सुमारास त्यांनी काम सुरू केले. सहा कामट्या जुळवून केलेली षट्कोनी काठी त्यांच्याच कारखान्यामुळे सर्वमान्य झाली. कामट्या अचूक कोनात आणि निमुळत्या कापणारे यंत्रही तेथेच तयार झाले. ते यंत्र कुलूपबंद खोलीत ठेवलेले असे आणि तेथे मोजक्याच लोकांना प्रवेश असे, अशी आठवण या व्यवसायात आजही सांगितली जाते. लेनर्ड यांच्या हाताखाली तयार झालेले फ्रेड थॉमस, यूस्टिस एडवर्ड्‌स आणि एड पेन यांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. मात्र गुपित राखण्याची रीत टिकून राहिली. काठीच्या निमुळतेपणाचे आकडे म्हणजे घराण्याची चीज. ती बाहेरच्याला द्यायची नाही.

गुपितावर उभ्या असलेल्या धंद्याला गुप्तता पोषक असते, परंतु तो धंदाच बसला की गुपितही त्याच्याबरोबर बुडते. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात काचतंतूंच्या काठ्या बाजारात आल्या. त्या स्वस्त होत्या, पाण्याने कुजत नव्हत्या आणि यंत्रावर शेकड्यांनी निघत होत्या. डिसेंबर १९५० मध्ये, कोरियन युद्धाच्या काळात, अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोन्किन बांबूची आवक थांबली. ही बंदी १९७१ मध्ये उठली, तोवर ज्यांच्याकडे साठा होता ते काही कारागीरच तग धरून राहिले. लगोलग कार्बनतंतूंच्या, म्हणजे ग्रॅफाइटच्या, आणखी हलक्या काठ्या अवतरल्या. बांबूची काठी आता संग्रहालयात जाणार, असे वाटण्याजोगी ती वेळ होती.

हौशी माणसांचे ऋण

तसे झाले नाही, याचे मोठे श्रेय एव्हरेट गॅरिसन यांच्याकडे जाते. न्यूयॉर्क राज्यातील हे गृहस्थ व्यवसायाने अभियंता होते. पुलाच्या तुळईवरील भार काढावा तसा त्यांनी काठीच्या दर पाच इंचांवरील ताण गणिताने काढला आणि त्यावरून तेथील जाडी ठरवली. यंत्राऐवजी ते साध्या हातरंध्याने काम करीत. एका प्रसिद्ध गीतकाराचे चिरंजीव होगी कारमायकेल यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. १९७५ मध्ये गॅरिसन यांचे निधन झाले. त्यांची सारी पद्धत कारमायकेल यांनी १९७७ मध्ये 'अ मास्टर्स गाइड टू बिल्डिंग अ बॅम्बू फ्लाय रॉड' या ग्रंथात आकृत्या आणि मोजमापांसह प्रसिद्ध केली. कुलूपबंद खोलीचे दार अशा रीतीने सर्वांसाठी उघडले. त्यानंतर हौशी मंडळींनी जुन्या नामांकित काठ्या सूक्ष्ममापकाने मोजल्या आणि ते आकडे एकमेकांना मोकळेपणाने दिले.

इंग्लंडमध्ये हौशी कारागिरीचे आणखी ठळक उदाहरण आहे. रिचर्ड वॉकर हेही अभियंताच. मोठ्या कार्प माशाला पेलेल अशी काठी बाजारात नाही, हे पाहून त्यांनी चिरलेल्या बांबूची दहा फुटी 'मार्क फोर' काठी स्वतः आखली आणि घडवली. सप्टेंबर १९५२ मध्ये रेडमायर तळ्यात त्यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा कार्प पकडला. हा मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवण्यात आला आणि वॉकर यांचा विक्रम १९८०पर्यंत अबाधित राहिला.

कामट्यांपासून काठीपर्यंत

प्रत्यक्ष कृती अशी. प्रथम वाळलेला बांबू चिरून कामट्या काढतात. सहा कामट्या अशा सरकवून घेतात की गाठी एका जागी येऊ नयेत, कारण गाठ हा तंतू वाकडे झालेला, म्हणून दुबळा भाग. गाठीला ऊब देऊन ती शेगड्यात दाबली की सपाट होते. कामट्यांना ओबडधोबड त्रिकोणी आकार दिल्यावर त्या भट्टीत सुमारे १७५ ते १९० अंश सेल्सिअस तापमानाला काही मिनिटे भाजतात. त्यामुळे आतील ओलावा जातो आणि कामटीला ताठपणा येतो.

यानंतरचे काम खऱ्या कसोटीचे. शेजारीशेजारी जोडलेल्या दोन लांब पोलादी पट्ट्यांच्या मध्ये ६० अंशांची खाच असते आणि दर पाच इंचांवरील स्क्रू फिरवून तिची खोली बदलता येते. या खाचेत कामटी ठेवून ती रंध्याने तासतात. कामटीची उंची काठीच्या जाडीच्या निम्मी हवी. म्हणजे टोकाशी प्रत्येक कामटी एका मिलिमीटरहूनही पातळ होते. एक नियम कधीही मोडायचा नाही. सालीच्या बाजूला रंधा लावायचा नाही. वरचा काचेसारखा पापुद्रा तेवढा खरवडायचा, कारण त्याखालच्याच तंतूंवर सारी भिस्त असते.

तयार कामट्या चिकटवून त्यांच्यावर दोरा घट्ट गुंडाळतात. पूर्वी यासाठी जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरत. दमट हवेत तो सुटण्याची भीती असे. आता इपॉक्सीसारखी पाण्याला दाद न देणारी द्रव्ये आहेत. काठीचे दोन-तीन भाग जोडण्यासाठी आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्या मिश्रधातूच्या नळ्या बसवतात. मुठीसाठी बुचाच्या साधारण अर्धा इंच जाडीच्या चकत्या ओवून, चिकटवून लेथवर कातून घेतात. दोरी ज्यातून जाते त्या तारेच्या कड्या रेशमी धाग्याने बांधतात. व्हार्निश बसले की रेशीम पारदर्शक होते आणि त्याखालचा बांबू दिसू लागतो.

सोपी वाट

सर्वांनाच बांबूपासून सुरुवात करणे झेपत नाही. बहुसंख्य नवशिके कारखान्यात तयार झालेली ग्रॅफाइटची किंवा काचतंतूंची कोरी नळी घेतात आणि मूठ, कड्या, रीळ बसवण्याची बैठक हे सारे स्वतः करतात. नळी टेबलावर टेकवून, वाकवून फिरवली की ती एका बाजूला अधिक ताठ असल्याचे कळते. ती बाजू ओळखून कड्यांची ओळ ठरवतात. नंतर दोरीला वजन अडकवून काठी वाकवतात आणि दोरी काठीच्या बाकाला शक्य तितकी समांतर राहील अशा अंतरांवर कड्या सरकवतात. धाग्यावर इपॉक्सीचा थर दिल्यावर तो एका बाजूला ओघळू नये म्हणून काठी मंद मोटरवर काही तास फिरत ठेवतात. काही संध्याकाळी पुरतील एवढेच हे काम, परंतु त्यातून आपल्या हाताच्या मापाची मूठ आणि आपल्या ताकदीला मानवणारी काठी मिळते. दुकानात सर्वांसाठी एकच माप असते.

ग्रॅफाइटची काठी बांबूपेक्षा हलकी असते आणि लांबवर फेकीसाठी सरसही ठरते, हे हौशी कारागीरही मान्य करतात. बांबूची बाजू वेगळी आहे. तिची चाल संथ असते आणि जवळच्या पाण्यात माशी हळुवार उतरवायची असेल तर ती हाती असावीशी वाटते. मोडलेले टोक पुन्हा घडवता येते आणि नीट जपलेली काठी पुढच्या पिढीच्या हाती जाते. ही विद्या राखली ती मात्र कुलपाने नव्हे. शिकलेले सारे लिहून काढणाऱ्या आणि मागेल त्याला देणाऱ्या माणसांनी ती राखली. आपल्याकडेही बुरुडापासून कातारापर्यंत अनेकांचे कसब फक्त हातांत साठलेले आहे आणि ते लिहिले गेलेले नाही. मानवेलीच्या देशात ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.