बसण्याचं भाडं

मागच्या वर्षी एक मैत्रीण वही घेऊन घरी आली. तिला रायपुरात पुस्तकांचं दुकान काढायचं होतं, सोबत कॉफी. हिशेब साधा होता. 300 रुपयांचं पुस्तक विकलं की विक्रेत्याच्या हाती 90-100 रुपये राहतात. त्यातून गाळ्याचं भाडं, वीज, एका माणसाचा पगार. मग तिनं विचारलं, "कुणी दोन तास पुस्तक चाळत बसलं आणि न घेता उठून गेलं, तर त्या दोन तासांचं भाडं कोण देणार?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून या शहराच्या वाचनाचा इतिहास मी या प्रश्नाच्या बाजूनं बघते आहे.

सुरुवात माधवराव सप्र्यांपासूनच करावी लागते. जानेवारी 1900 मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. पेंड्र्याला ते राजकुमाराचे शिक्षक होते, म्हणजे मासिकाच्या मागे नोकरीचा आधार होता. सोबत संपादनाला रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक म्हणून वामनराव लाखे. तीन मराठी माणसं, आणि मासिक हिंदी! आज हे विचित्र वाटतं, तेव्हा वाटलं नसावं. 1956 पर्यंत छत्तीसगढ आणि विदर्भ एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर होती, आणि भोसल्यांच्या अमलापासून इथे मराठी घरं नांदत होती. सप्र्यांनी पुढे 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. माझ्या धंद्यातला हा मूळपुरुष, त्यामुळे त्यांच्याविषयी मी जरा जास्तच लिहिते, हे मान्य आहे.

मासिक तीन वर्षं चाललं आणि तोट्यामुळे 1902 च्या शेवटी बंद पडलं. वाचक नव्हते असं नाही. वाचकांच्या पैशावर ते उभं राहू शकलं नाही, एवढंच. याच मासिकात 1901 मध्ये सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. हिंदीतली पहिली कथा कोणती, या वादात तिचं नाव हटकून निघतं. मला मात्र तिचा विषय अडवतो. जमीनदाराला आपल्या वाड्याचं आवार वाढवायचं आहे आणि आड येते ती एका विधवेची झोपडी. म्हणजे या शहराच्या आसपास छापील कथा जन्मली तीच मुळी जागेच्या भांडणातून.

1908 मध्ये रायपुरात आनंद समाज वाचनालय उभं राहिलं. वाचनालयाची गंमत ही की तिथे बसण्याचं भाडं समाज आपल्या अंगावर घेतो. वर्गणीदार, देणगीदार, सकाळी दार उघडणारा कुणी हौशी गृहस्थ, अशा अनेकांच्या खिशातून ते थोडं थोडं जातं आणि वाचणाऱ्याला दिसतही नाही. चहा मात्र नाही. वाचनालयात बोलायचं नसतं, आणि वाचलेल्यावर बोलायचं तर बाहेर टपरीवर जायचं. वाचणं एका छपराखाली आणि बोलणं दुसऱ्या, ही वाटणी आपल्याकडे बरीच वर्षं चालली.

बोलण्याची जागा कॉफी हाऊसनं दिली. तिचा इतिहास रायपूरबाहेरचा आहे, पण इथे लागू पडतो. कॉफी बोर्डानं पन्नासच्या दशकात आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर आले. ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं त्यांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली 1957 मध्ये बंगळुरूला. छत्तीसगढातली कॉफी हाऊसं जबलपूरच्या संस्थेकडे आली. तुरेवाला फेटा बांधून डोसा आणून ठेवणारा माणूस हाच तिथला भागीदार. एका कॉफीवर सकाळ काढणाऱ्याला त्यानं उठवलं नाही, तर तो सोसलेला तोटा त्याचा स्वतःचा असतो. या उदारपणावर आम्ही कितीतरी कविता ऐकल्या, आणि बिल कुणी द्यायचं यावर त्याहून जास्त वेळ घालवला.

पुस्तक आणि कॉफी एकाच छपराखाली आणायची म्हटली की आमच्याकडे लगेच मुंबईचं उदाहरण निघतं. टी. एन. शानभागांनी 1948 मध्ये स्ट्रँड थिएटरात एका कोपऱ्यात पुस्तकं मांडली. ते नामांकित दुकान 2018 मध्ये बंद झालं. 'किताबखाना' 2011 मध्ये उघडलं, आत कॅफे आहे, 2020 च्या आगीनंतर ते पुन्हा उभं राहिलं. पण ते आहे सोमैया भवनात, आणि चालवणारं कुटुंब सोमैयांचंच. मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आधी इमारत हवी."

रायपुरात वेगळी वाट निघाली. 2013 मध्ये प्रियंक पटेल या इंजिनिअर तरुणानं समता कॉलनीत 'नुक्कड' सुरू केलं. नाव चहाचं, पण पुस्तकंही ठेवलेली, आणि काम करणारी बरीच मुलं-मुली ऐकू न येणारी. ऑर्डर कागदावर लिहून किंवा खुणांनी द्यायची. इथे पुस्तकाचं भाडं चहा भरतो. पहिल्यांदा गेले तेव्हा 'आलं घातलेला' हे खुणेनं कसं सांगायचं यात मी इतकी गुंतले की सोबत नेलेला अनुवाद उघडलाच नाही.

2018 मध्ये सरकारनं नालंदा परिसर बांधला, दिवसरात्र उघडा. तिथे खुर्ची मिळवायला धडपड असते, पण बहुतेक डोकी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असतात. सरकार ज्या वाचनाचं भाडं भरतं ते हे. तक्रार नाही. त्यातल्या एकाही मुलाला मी कादंबरी वाच म्हणणार नाही.

आणि पुस्तकं खपत नाहीत असंही नाही. याच शहरात राहणाऱ्या विनोदकुमार शुक्लांनी 2022 मध्ये रॉयल्टीचा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. सप्टेंबर 2025 मध्ये रायपुरातच त्यांना 'दीवार में एक खिड़की रहती थी'च्या सहा महिन्यांच्या विक्रीवर 30 लाखांचा धनादेश मिळाला. सभागृहात टाळ्या थांबत नव्हत्या. डिसेंबरात ते गेले. त्यांची कादंबरी मी फोनवरून मागवली होती. दार वाजलं, पाकीट हाती आलं, कुठे बसावं लागलं नाही.

मैत्रिणीनं गाळ्याचा नाद सोडला. वडिलांच्या घराचा रस्त्याकडचा व्हरांडा साफ केला, सहा खुर्च्या आणल्या. वहीत भाड्यासमोर शून्य लिहिलं. मी म्हटलं, तिथे वडिलांचं नाव लिही. तिनं लिहिलं.

मग मी मराठीसाठी एक फळी मागितली. इथे मराठी पुस्तक नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून येतं, म्हणून. तिनं फळी मोजली, तीन फूट, आणि वही माझ्याकडे सरकवली.